पाय वाकवलेले, नग नऊ हजार

कारखान्यात त्यांना पाठीमागे ओळंबा म्हणत आणि तोंडावर काका. भिंत उभी करताना गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो आणि भिंत सरळ चढते आहे की नाही हे पाहतो. ते वजन म्हणजे ओळंबा. काका खोलीत शिरले की आसपासच्या वस्तूंना आपण कुठेतरी कललेले आहोत अशी अपराधी जाणीव होते, असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना काकांनी तीन भिंतींवरचे तक्ते सरळ केले होते आणि चौथ्या भिंतीपाशी पोहोचतात तोच त्यांना आत बोलावले गेले, तर 'एक मिनिट' म्हणून ते तक्ता पुरा करूनच आत गेले. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत सगळे वऱ्हाड कॅमेऱ्याकडे पाहत असताना ते एकटे सासऱ्यांच्या तिरक्या चष्म्याकडे पाहत आहेत, हे आजही कोणालाही दाखवता येते. घरी बैठकीच्या खोलीत एक गालिचा होता. त्याच्या झालरीचे धागे एकमेकांत गुंतलेले त्यांना पाहवत नसत. म्हणून त्यासाठी एक स्वतंत्र कंगवा ठेवलेला होता. "त्याचं डोकं विंचरून झालं असेल तर जेवायला या," असे काकू स्वयंपाकघरातून सांगत.

असा मनुष्य पाय सरळ करण्याच्या कामावर नेमला जावा, हा योग मोठा होता. कारखाना विजेचा दाब स्थिर ठेवणारी खोकी तयार करी. प्रत्येक खोक्यात एक हिरवी पट्टी असे आणि पट्टीवर शेकडो चिमुकले भाग रोवलेले असत. त्यांतल्या बहुतेकांचे अंग शेंगदाण्याएवढे आणि त्याखाली तारेचे दोन पाय. पाय सरळ असले तर भाग पट्टीच्या भोकांत अलगद उतरे. वाकडे असले तर एक पाय भोकात आणि दुसरा बाहेर राही, आणि पट्टी भरणाऱ्या बायका त्या भागाला नको नको ते बोलत. अकरा वर्षांपूर्वी काकांनी यावर उपाय म्हणून स्वतःच्या हाताने एक यंत्र तयार केले. कपडे पिळण्याच्या जुन्या यंत्राचे दोन रूळ, सायकलची साखळी आणि शिलाई मशीनचे पायडल, एवढे त्याचे भांडवल. वरच्या फटीत भाग अडकवायचे. ते पाय खाली सोडून एकामागून एक रुळांमधून सरकत, आणि दुसऱ्या टोकाला नव्याने शाळेत घातलेल्या मुलांसारखे ताठ उभे राहून बाहेर पडत. चालताना यंत्र 'खुर्र, टक्, खुर्र, टक्' असा आवाज करी. मिनिटाला वीस भाग, म्हणजे चाळीस पाय.

मालसाठ्याच्या नोंदवहीत त्याचे नाव 'सरळयंत्र, हस्तनिर्मित, एक' असे होते. पण काका त्याला रोज सकाळी तेल देत, दुपारी पुसत आणि सुटीवर जाताना त्यावर चादर घालत; त्यामुळे कारखान्याने त्याचे नाव ठेवले धाकटी काकू. हे थोरल्या काकूंच्या कानांवर गेलेच होते. काका कामावरून आले की त्या पाण्याचा पेला पुढे करून विचारत, "धाकटी बरी आहे ना?" आणि काका गंभीरपणे उत्तर देत, "डावा रूळ जरा कुरकुरतोय."

एका सोमवारी सकाळी नवी पर्यवेक्षिका हातात मोजपट्टी घेऊन काकांच्या कोपऱ्यात आली. वयाने ती काकांच्या मुलीएवढी होती आणि महिन्याभरात तिने कारखान्यातली प्रत्येक वस्तू मोजून काढली होती. तिने यंत्राची लांबी घेतली, रुंदी घेतली आणि पट्टी गुंडाळली.

"काका, हा कोपरा शुक्रवारी मोकळा हवाय. थंड पाण्याचं मशीन येतंय."

"आणि धाकटी?"

"कोण धाकटी?"

जवळच बसलेल्या पट्टी भरणाऱ्या बाईने यंत्राकडे बोट दाखवले. पर्यवेक्षिकेने ते नाते मान्य केल्याचे दिसले नाही.

"गेल्या महिन्यात यातून किती माल निघाला?"

"चारशे बारा नग," काका म्हणाले.

"पाणी दीडशे माणसं पितात, दिवसातून चारदा." तिचा स्वर वाईट नव्हता. "हल्ली भाग कागदी फितीवर चिकटवून येतात, काका. त्यांचे पाय वाकतच नाहीत. यंत्राला काम नाही आणि लोकांना गार पाणी नाही. तुम्हीच सांगा."

"काम आलं तर?"

"या आठवड्यात याचा एक धड उपयोग दाखवा, मी पाण्याचं मशीन दुसरीकडे लावते. नाहीतर शुक्रवारी भंगारवाला येईल. त्याला मी सांगून ठेवलंय."

त्या दिवशी काका घरी आले ते गालिच्यावर पाय देऊन थेट खुर्चीत बसले. झालरीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. काकूंना काहीतरी गंभीर घडल्याचे तेव्हाच कळले.

"धाकटीला भंगारात काढणार म्हणतात," काका म्हणाले.

"इकडे आणायची नाही हं. मी सवत घरात घेणार नाही." मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्या थोड्या मऊ झाल्या. "येईल काहीतरी काम. जगात वाकड्याची कुठं कमी आहे?"

काम खरोखरच आले, आणि तेही दुसऱ्याच सकाळी. मालखात्याचा कारकून एक भलेमोठे खोके काकांच्या टेबलाशेजारी ठेवून चहाला निघून गेला. खरे तर ते पलीकडच्या टेबलाचे होते. पण त्या टेबलावर कोणाचा तरी डबा होता, म्हणून त्याने ते इकडे ठेवले. खोक्यावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'नग नऊ हजार. पाय वाकवलेले.'

काकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग खोके उघडले. आत नऊ हजार भाग होते, आणि प्रत्येकाच्या दोन्ही पायांना मध्यावर गुडघ्यासारखा बाक होता. काका खुर्चीत टेकले. व्याकरण हा त्यांचा शाळेपासूनचा आवडता विषय होता, आणि चिठ्ठीतल्या एका अक्षराने त्यांचे मस्तक फिरवले. 'वाकलेले' असे असते तर गोष्ट निराळी होती. वस्तू हातातून पडतात, पिशवीत दबतात, वाकतात. त्यात कोणाचा दोष नसतो. पण इथे स्पष्ट 'वाकवलेले' होते. म्हणजे हे आपोआप झालेले नव्हते. कोणीतरी हे मुद्दाम केले होते, अठरा हजार वेळा केले होते, आणि प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी केले होते.

"काय नीच मनुष्य असेल," काका शेजारच्या बाईला म्हणाले. "आणि किती चिकाटीचा."

"कोण हो?"

"तेच तर लिहिलेलं नाही."

त्यांनी अंगातला सदरा नीट केला, पायडलवर पाय ठेवला आणि धाकटी खुर्र, टक् करू लागली. त्या दिवशी काकांनी जेवण उभ्याने उरकले. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर न दिसलेली लाली त्या दिवशी चढली होती. शेजारची बाई सांगते की मध्येच ते गुणगुणतही होते, मात्र चाल एकच होती आणि तिच्यात चढउतार नव्हता. संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा नऊ हजार भाग पत्र्याच्या ताटांत ओळीने मांडलेले होते आणि अठरा हजार पाय एकमेकांना समांतर होते. कोणत्या तरी अज्ञात दुष्टाचा डाव आपण एका दिवसात उधळून लावला, या समाधानात काका घरी गेले आणि जाताना धाकटीवर दोन चादरी घातल्या.

बुधवारी सकाळी पर्यवेक्षिका आली, तिने ताटे पाहिली आणि एक भाग उचलून उलटसुलट करून निरखला. काकांना वाटले, कौतुकाला शब्द सापडत नसावेत.

"काका," ती शेवटी म्हणाली, "यांचे गुडघे कुठे गेले?"

"काढले," काका नम्रपणे म्हणाले. "एकही ठेवला नाही."

"काका, हे भाग तापतात. पट्टीला टेकले तर पट्टी जळते. म्हणून त्यांच्या पायांना मुद्दाम गुडघा देतात, म्हणजे ते भोकात अर्धेच उतरतात आणि वर उचललेले राहतात. आपणच पुरवठादाराला सांगून ते वाकवून घेतले होते. दोन महिने वाट पाहिली त्यांची."

तोपर्यंत मालखात्याचा कारकून येऊन पोहोचला होता. "मी चिठ्ठीत सरळ लिहिलं होतं," तो म्हणाला, "वाकवलेले म्हणून."

"सरळ कसलं," काका उसळून म्हणाले. "वाकवलेले म्हटलं की कर्ता आला. कोणी वाकवले? चिठ्ठीत कर्ता कुठाय? कर्त्याशिवाय वाक्य लिहिलंत तर वाचणाऱ्याला संशय येणारच."

"आता चिठ्ठीत काय निबंध लिहू?"

"कर्ता लिहायला निबंध लागत नाही."

"मग सरळ करणाऱ्यांचं नाव लिहू का आता?" कारकून म्हणाला. "कर्ता सापडलाय."

पर्यवेक्षिकेने दोघांना हाताने थांबवले. "शुक्रवारी सकाळी दहाला जुळणी सुरू व्हायचीय. तोपर्यंत नऊ हजारांचे गुडघे जागेवर हवेत, सगळे एका उंचीचे. तांब्याची तार आहे, आणखी एकदा वाकवली तर तुटणार नाही. जमलं नाही तर मला यंत्रासाठी एक शब्द बोलता येणार नाही, काका. कारण उपयोग मी मागितला होता, आणि हा उपयोग निघाला."

काकांनी लगेच पक्कड घेतली. पण इथे एक विचित्र अडचण उभी राहिली. त्यांनी पाय दाबला की तो वाके. मात्र पक्कड सोडता सोडता त्यांच्या डाव्या हाताची बोटे तो पाय नकळत पुन्हा सरळ करून ठेवत. तासाभराने त्यांच्यासमोर चाळीस भाग होते, आणि चाळीसही आधीपेक्षा अधिक सरळ होते. शेजारच्या बाईने हात बांधून ठेवायचे सुचवले. पण मग पक्कड कोण धरणार, हा प्रश्न उरला.

दुपारी त्यांनी घरी फोन केला. काकूंनी सगळे ऐकून घेतले.

"सरळ गोष्ट वाकडी करायचीय ना?" त्या म्हणाल्या. "मग माझ्या बहिणीकडे जा. तिचं दुकान त्यावरच चालतं."

या मेहुणीचे केस सजवण्याचे दुकान होते, आणि तिच्याशी काकांचा सहा वर्षांचा जुना वाद होता. घरातल्या एका समारंभात काका तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, की ज्यांचे केस सरळ त्यांना कुरळे करून देणे आणि ज्यांचे कुरळे त्यांना सरळ करून देणे, आणि पुन्हा तीन महिन्यांनी त्याच बायकांना उलट करून देणे, याला व्यवसाय म्हणत नाहीत, याला गोल गोल फिरवणे म्हणतात. तेव्हापासून मेहुणी त्यांना वाढदिवसाला दर वर्षी कंगवा पाठवी.

दुकानात तीन खुर्च्या आणि तीन आरसे होते. मधला आरसा किंचित डावीकडे कललेला होता. काकांनी हात पाठीमागे बांधून घेतले.

"या दाजी," मेहुणी म्हणाली. "आरसा सरळ करायला आलात का?"

"नाही. एक काम आहे."

"बोला."

काकांनी खिशातून एक भाग काढून तिच्या हातावर ठेवला. "याच्या पायांना बाक द्यायचाय."

तिने तो भाग दिव्याकडे धरून निरखला. "सरळ कोणी केला?"

"मी."

"आधी कसा होता?"

"वाकडा."

"आणि आता पुन्हा वाकडा हवाय." ती वळून आपल्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बाई, हे माझे दाजी. गोल गोल फिरवण्याबद्दल यांचं फार कडक मत आहे."

काका मान खाली घालून उभे राहिले. या दुकानात उभे असताना त्यांना धाकटीचे दोन्ही रूळ डोळ्यांपुढे दिसत होते, आणि भंगाराच्या हातगाडीवर ते कसे पडतील हेही.

"माझं चुकलं होतं," ते म्हणाले.

मेहुणीला हे अपेक्षित नसावे. तिने एका फडताळातून चिमट्यासारखे यंत्र काढले. त्याच्या दोन्ही पात्यांवर नागमोडी उंचवटे होते; केसांची बट त्यात दाबली की बटेला लाटा पडत. वीज न लावता, थंड असतानाच, तिने काकांच्या भागाचे पाय त्यात धरून दाबले. कट्. पायांना एकेक नव्हे, चार-चार गुडघे पडले होते, पण दोन्ही पायांचे अगदी एका उंचीवर. काकांनी खिशातून मोजमापाचे साधन काढून ते मोजले आणि पुन्हा एकदा मोजले.

"बाकीचे तीन उंचवटे घासून टाकले," ते हळूच म्हणाले, "तर एकच राहील."

"माझं यंत्र घासणार तुम्ही?"

"नवं आणून देईन."

"नवं मी घेईन माझं मी. मला दुसरं काहीतरी हवंय." तिने मधल्या खुर्चीवरचा टॉवेल झटकला. "बसा."

काकांचा भांग गेली चाळीस वर्षे डाव्या बाजूला, पट्टीने आखल्यासारखा होता. ते खुर्चीकडे पाहत राहिले. मग चिमट्याकडे पाहिले. मग बसले.

"हे शेवटचं डोकं," मेहुणी चिमटा तापवत म्हणाली. "मग घेऊन जा आणि काय घासायचं ते घासा."

गुरुवारी सकाळी काका कारखान्यात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत लाटाच लाटा होत्या. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना ओळखपत्र मागितले. बावीस वर्षांत त्याने ते प्रथमच मागितले होते. पट्टी भरणाऱ्या बायकांच्या ओळीत हशा पिकला. "ओळंब्याला कोणीतरी झोका दिला," एक म्हणाली, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटले गेलेले पहिलेच 'ओळंबा' होते. काकांनी मान वळवली नाही. त्यांनी धाकटीचे दोन्ही रूळ उतरवले, त्या जागी घासलेली पाती बसवली आणि पायडलला अशी जोड दिली की एका दाबाला पाती मिटावीत आणि दुसऱ्याला उघडावीत. हाताचा संबंध ठेवला नाही. बोटांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले आणि फक्त पायाने यंत्र चालवले. भाग फटीत अडकवण्याचे काम शेजारच्या बाईने आपणहून घेतले.

धाकटीचा आवाज बदलला होता. खुर्र गेले होते. नुसते कट्, कट्, कट्. पहिले काही शेकडे भाग बाहेर पडेपर्यंत काकांना ते पाहवेना, म्हणून ते छताकडे पाहत होते. मग एकदा नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. सगळे गुडघे एका उंचीवर होते. ताटात पाहिले तर नऊशे गुडघ्यांची मिळून एक सरळ रेघ तयार झाली होती.

"बाई," ते शेजारणीला म्हणाले, "वाकडेपणातसुद्धा शिस्त असू शकते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुम्हाला सांगायची कोणाची टाप होती?" ती म्हणाली आणि पुढचा भाग अडकवला.

शुक्रवारी सकाळी थंड पाण्याचे मशीन दारात येऊन थांबले आणि त्याच्या मागे भंगारवाला हातगाडी घेऊन. पर्यवेक्षिकेने ताटांतले पंचवीस भाग निवडून मोजले. मग आणखी पंचवीस. मग तिने पुरवठादाराच्या मागच्या खेपेतले उरलेले दहा भाग काढून शेजारी ठेवले. त्यांचे गुडघे कोणाचे वर, कोणाचे खाली होते.

"त्याच्यापेक्षा हे बरे आहेत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग काकांकडे वळली. "आपण पुढच्या वेळी सरळ पायांचेच मागवले आणि इथे वाकवले, तर दोन महिने वाट पाहायला नको. तुम्ही कराल?"

जन्मभर काकांनी एकच काम केले होते, आणि ही बाई त्यांना त्याच खुर्चीत बसून त्याच्या उलटे करायला सांगत होती. त्यांनी धाकटीकडे पाहिले. तिला काहीच वाटलेले दिसत नव्हते.

"लेखी आदेश द्या," ते म्हणाले. "आणि त्यात कर्ता लिहा."

आदेश निघाला. पाण्याचे मशीन पर्यवेक्षिकेच्या स्वतःच्या खोलीच्या दाराशी लागले, त्यामुळे दीडशे माणसे दिवसातून चारदा तिच्या दारात उभी राहून घरच्या गोष्टी बोलू लागली. भंगारवाल्याला त्या मशीनचे रिकामे खोके मिळाले. ते घेऊन तो समाधानाने गेला.

महिन्याभराने सरळ पायांची पहिली खेप आली. पर्यवेक्षिका कोपऱ्यात आली तेव्हा काकांनी धाकटीला जुने रूळ परत बसवले होते आणि ती खुर्र, टक् करत होती. पाती बाजूला कापडावर वाट पाहत होती. काकांचे केस बरेच वाढले होते; लाटा टोकांशी उरल्या होत्या.

"काका, हे काय? हे वाकवायचेत ना?"

"वाकवणारच. पण प्रवासात थोडे कलले होते. आधी सरळ करून घेतो."

"जे पुन्हा वाकवायचंय ते सरळ कशाला करायचं?"

"बाई," काका पायडल न थांबवता म्हणाले, "वाकड्याला वाकवलं तर ते वाकवणं नव्हे, ते नुसतं वाढवणं."

पर्यवेक्षिकेने मोजपट्टी खिशात घातली, एक स्टूल ओढले आणि फटीत भाग अडकवायला बसली. शेजारची बाई पाणी प्यायला गेली होती आणि लवकर येण्याची चिन्हे नव्हती.